विश्लेषण : कागदावर नियम, जमिनीवर तेल… नायजेरियात केन सारो-विवा यांना फाशी का झाली? पुढे काय बदलले?

नायजेरियातील पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात १० नोव्हेंबर १९९५ रोजी नऊ जणांना फाशी देण्यात आली. त्यांतील एक जण देशात घराघरांत पाहिल्या जाणाऱ्या विनोदी मालिकेचा लेखक होता. त्याचे नाव केन सारो-विवा. तेल कंपन्या आणि सरकार यांच्याकडून आपल्या ओगोनी समाजाच्या जमिनीची भरपाई आणि साफसफाई मागणारी चळवळ त्यांनी उभी केली होती. त्यांच्या देशात प्रदूषणाविरोधात कायदे नव्हते असे नाही. ते पाळले का गेले नाहीत, हा प्रश्न विचारण्यात सारो-विवा यांच्या आयुष्याची शेवटची काही वर्षे गेली. जून २०२५ मध्ये नायजेरियाच्या अध्यक्षांनी या नऊ जणांना मरणोत्तर माफी दिली, तरी तो प्रश्न पूर्ण सुटलेला नाही.

ओगोनींची भूमी कुठे आहे?

नायजर नदी समुद्राला मिळते तिथे खाड्या, खारफुटी आणि दलदलीचा मोठा त्रिभुज प्रदेश आहे. त्याच्या पूर्वेकडील भागात सुमारे एक हजार चौरस किलोमीटरचा ओगोनींचा मुलूख येतो. १९९० च्या आसपास तिथे अंदाजे पाच लाख लोक राहत होते. मासेमारी आणि शेती हीच त्यांची उपजीविका. साबुदाणा ज्यापासून करतात तो कसावा हा कंद इथले महत्त्वाचे पीक आहे.

नायजेरियात व्यापारी प्रमाणात खनिज तेल सापडले ते १९५६ मध्ये, ओलोइबिरी या गावी. दोनच वर्षांत ओगोनींच्या भागातही तेल लागले. शेल कंपनीच्या विहिरी आणि वाहिन्या गावांजवळून, शेतांमधून गेल्या. पुढे तेल हाच नायजेरियाच्या निर्यातीचा कणा झाला. भारतही नायजेरियाच्या कच्च्या तेलाचा मोठा खरेदीदार राहिला आहे.

सारो-विवा यांची जडणघडण कशी झाली?

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९४१ रोजी बोरी येथे झाला. उमुआहियाच्या नामांकित सरकारी शाळेत ते शिकले. पुढे इबादान विद्यापीठात त्यांनी इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला आणि काही काळ अध्यापनही केले.

१९६७ मध्ये पूर्व नायजेरियाने बियाफ्रा नावाचा वेगळा देश जाहीर केला आणि यादवी युद्ध पेटले. ओगोनींचा मुलूख बियाफ्राच्या हद्दीत होता. तिथे इग्बो समाजाचे वर्चस्व राहील आणि आपल्यासारख्या लहान समाजांना स्थान उरणार नाही, असे सारो-विवा यांचे मत होते. त्यांनी केंद्र सरकारची बाजू घेतली. सरकारने त्यांना बोनी बंदराचे प्रशासक नेमले. हे बंदर तेलनिर्यातीचे प्रमुख ठिकाण होते. या निर्णयामुळे अनेक इग्बो लोकांनी त्यांना कधीच माफ केले नाही.

युद्धानंतर ते रिव्हर्स राज्याच्या मंत्रिमंडळात आले. ओगोनींच्या स्वायत्ततेचा आग्रह धरल्याने १९७३ मध्ये त्यांना पद गमवावे लागले. मग त्यांनी व्यापार आणि मालमत्तेच्या व्यवसायात जम बसवला. आर्थिक चिंता मिटल्यावर ते पुन्हा लेखनाकडे वळले.

लेखक म्हणून त्यांची ओळख काय?

१९८५ मध्ये त्यांची ‘सोझाबॉय’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. युद्ध म्हणजे काय हे न कळता सैन्यात गेलेल्या एका खेडवळ तरुणाची ही गोष्ट आहे. बाजारातल्या, बोलण्यातल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी ती लिहिली. आफ्रिकी साहित्यात या कादंबरीला मोठा मान आहे.

सर्वसामान्य नायजेरियन लोकांना मात्र ते ‘बासी अँड कंपनी’ या मालिकेमुळे माहीत झाले. लागोस शहरात काम न करता लखपती होण्याच्या युक्त्या शोधणारा बासी हा तिचा नायक. तेलाच्या पैशाने देशाला लागलेल्या झटपट श्रीमंतीच्या वेडाची ती खिल्ली होती. मालिकेला सुमारे तीन कोटी प्रेक्षक होते, असे सांगितले जाते. तोंडात पाइप असलेला हा बुटका, हजरजबाबी माणूस वर्तमानपत्रांत स्तंभही लिहीत असे. लष्करी राजवटीतील अनेक बडी मंडळी त्यांच्या ओळखीची होती. चळवळीत उतरले तेव्हा गमावण्यासारखे त्यांच्याकडे बरेच होते.

तेल उद्योगासाठी कोणते नियम होते?

१९६९ च्या पेट्रोलियम कायद्याने देशातील सर्व खनिज तेलाची मालकी सरकारकडे गेली. त्याच वर्षीच्या नियमांत प्रदूषण टाळण्यासाठी कंपन्यांनी सर्व व्यवहार्य खबरदारी घ्यावी, असे बंधन होते. कोणती खबरदारी पुरेशी मानायची, हे मात्र त्यात नेमके सांगितलेले नव्हते. १९७८ च्या भूमी कायद्याने राज्यांतील जमिनी राज्यपालांच्या अखत्यारीत आल्या. त्यामुळे तेलासाठी जमीन गेली की शेतकऱ्याच्या हाती उभ्या पिकांची, झाडांची आणि बांधकामाची भरपाई पडे. जमिनीचे मोल आणि तिच्याखालच्या तेलातील वाटा मिळत नसे.

वायू जाळण्याबाबतचा कायदा हे याचे ठळक उदाहरण. तेलाबरोबर विहिरीतून नैसर्गिक वायूही वर येतो. तो साठवणे किंवा पुन्हा जमिनीत सोडणे खर्चिक असते, म्हणून कंपन्या तो जागेवरच जाळून टाकतात. त्रिभुज प्रदेशातील अनेक गावांनी अशा ज्वाळा वर्षानुवर्षे, रात्रंदिवस पेटलेल्या पाहिल्या. १९७९ मध्ये कायदा झाला की १ जानेवारी १९८४ नंतर मंत्र्यांच्या लेखी परवानगीशिवाय वायू जाळता येणार नाही. मुदत संपली त्याच वर्षी सवलतींचे नियम आले. त्यानंतर दंड ठरला, तोही एक हजार घनफूट वायूमागे अवघा दोन कोबो. शंभर कोबो म्हणजे एक नायरा. वायू साठवण्यापेक्षा दंड भरणे कितीतरी स्वस्त होते.

१९८८ मध्ये कोको या बंदरगावात इटलीहून आलेला विषारी कचरा सापडला आणि देशभर संताप उसळला. त्यानंतर लष्करी सरकारने केंद्रीय पर्यावरण संस्था स्थापन केली. १९९१ मध्ये तेल उद्योगासाठी सविस्तर पर्यावरणीय मार्गदर्शिका आली. १९९२ मध्ये मोठ्या प्रकल्पांआधी पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास सक्तीचा झाला. कागदावर पाहिले तर व्यवस्था बरीचशी पूर्ण होती.

मग अडले कुठे?

शेल चालवत असलेल्या संयुक्त तेल उपक्रमात नायजेरियाच्या सरकारी तेल महामंडळाचा वाटा निम्म्याहून अधिक होता. तेलावर देखरेख ठेवणारा विभागही पेट्रोलियम मंत्रालयाच्याच हाताखाली होता. उत्पादन थांबले तर महसूल बुडणार सरकारचा आणि नियम मोडला म्हणून उत्पादन थांबवायचे तेही सरकारनेच. तपासणी अधिकाऱ्यांकडे स्वतःची वाहने किंवा होड्या पुरेशा नसल्याने गळतीच्या जागी जायलाही ते कंपन्यांवर अवलंबून असत.

तेलाच्या पैशाच्या वाटपातही बदल झाला होता. स्वातंत्र्याच्या वेळच्या राज्यघटनेत खनिजांच्या उत्पन्नाचा निम्मा हिस्सा ते जिथे निघते त्या प्रदेशाला मिळत असे. लष्करी राजवटींत हा हिस्सा घटत घटत दीड टक्क्यावर आला. मोठ्या समाजांच्या हाती सत्ता आणि लहान समाजांच्या जमिनीखाली तेल, अशी ही रचना असल्याचे सारो-विवा सांगत. पर्यावरणाचा प्रश्न त्यांनी राजकीय हक्काशी जोडला तो इथे. नदीत तेल गेले तर थांबवण्याचा अधिकार नदीकाठच्या माणसाला नसेल, तर नियमांचा त्याला उपयोग नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

ओगोनींनी नेमके काय मागितले?

१९९० मध्ये ओगोनी प्रमुखांनी एक हक्कनामा तयार करून जनरल इब्राहिम बाबांगिडा यांच्या लष्करी सरकारला सादर केला. त्यात राजकीय स्वायत्तता, आपल्या भागातील साधनसंपत्तीच्या उत्पन्नात न्याय्य वाटा आणि पर्यावरण रक्षणाचा हक्क या मागण्या होत्या. नायजेरियातून फुटून निघण्याची मागणी त्यात नव्हती. आपल्या जमिनीतून अब्जावधी डॉलरचे तेल गेले आणि बदल्यात वीज, पाणी, रस्ते यांपैकी काही मिळाले नाही, असे ओगोनींचे म्हणणे होते. याच सुमारास ‘मोसोप’ ही संघटना उभी राहिली.

आंदोलनाची किंमत काय असू शकते, हे त्याच वर्षी दिसले होते. जवळच्या उमुएचेम गावात शेलविरोधात निदर्शने झाली. कंपनीने पोलीस संरक्षण मागितले. पोलिसांच्या कारवाईत सुमारे ८० जण मारले गेले आणि ४९५ घरे उद्ध्वस्त झाली किंवा त्यांचे नुकसान झाले. सारो-विवा यांनी त्यामुळे अहिंसेचा आग्रह धरला आणि प्रश्न देशाबाहेर नेला. १९९२ मध्ये त्यांनी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासींविषयक कार्यगटापुढे ओगोनींची बाजू मांडली. वर्षअखेरीस मोसोपने शेल, शेवरॉन आणि सरकारी तेल महामंडळाकडे थकीत स्वामित्वधन व भरपाईपोटी १० अब्ज डॉलर मागितले आणि ३० दिवसांची मुदत दिली.

४ जानेवारी १९९३ ला काय घडले?

मूलनिवासींच्या आंतरराष्ट्रीय वर्षाची ती सुरुवात होती. त्या दिवशी सुमारे तीन लाख ओगोनी हातात हिरव्या डहाळ्या घेऊन शांततेने रस्त्यावर उतरले. म्हणजे समाजातील निम्म्याहून अधिक माणसे. हा दिवस आजही ओगोनी दिन म्हणून पाळला जातो. त्याच वर्षी शेलने आपल्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे कारण देत ओगोनी भागातील तेल उत्पादन बंद केले.

पण चळवळीत फूटही पडू लागली होती. जून १९९३ च्या अध्यक्षीय निवडणुकीवर बहिष्कार घालावा, असा सारो-विवा यांचा पवित्रा होता. संघटनेतील काही ज्येष्ठांना तो मान्य नव्हता. त्यांनी पदे सोडली आणि सारो-विवा अध्यक्ष झाले. तरुण कार्यकर्त्यांचा एक गट या ज्येष्ठांना सरकारचे हस्तक म्हणू लागला. त्याच जूनमध्ये सारो-विवा यांना अटक होऊन महिनाभर कोठडीत राहावे लागले. नोव्हेंबरमध्ये जनरल सानी आबाचा यांनी सत्ता घेतली आणि ओगोनी भागात सैन्याचा वावर वाढला.

खुनाचा आरोप कसा आला?

२१ मे १९९४ रोजी गिओकू येथे एका बैठकीवर जमाव चालून गेला आणि चार ओगोनी नेत्यांना ठार मारण्यात आले. त्यांपैकी एडवर्ड कोबानी हे मोसोपच्या उभारणीतले सारो-विवा यांचे सहकारी होते. ही हत्या ओगोनी समाजाची खोल जखम आहे. मारल्या गेलेल्या चौघांच्या कुटुंबांनीही न्याय मागितला आहे.

सारो-विवा त्या दिवशी घटनास्थळी नव्हते. सैनिकांनी त्यांना ओगोनी भागात शिरण्यापूर्वीच अडवून परत पाठवले होते. तरीही दुसऱ्या दिवशी त्यांना अटक झाली. हत्येला चिथावणी दिली, असा आरोप ठेवण्यात आला. पुढच्या काळात सैन्याने ओगोनी गावांवर छापे घातले. मारहाण, लूट आणि बलात्काराच्या घटनांची नोंद मानवी हक्क संघटनांनी केली.

खटला आणि शिक्षा

खटला नेहमीच्या न्यायालयात चालला नाही. लष्करी सरकारने त्यासाठी खास न्यायाधिकरण नेमले, त्यात एक लष्करी अधिकारीही होता. त्याच्या निकालावर वरच्या न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. न्याय मिळणार नाही, असे म्हणत बचाव पक्षाच्या वकिलांनी १९९५ मध्ये खटल्यातून माघार घेतली. खटला पाहायला आलेल्या ब्रिटिश वकिलानेही तो न्याय्य नसल्याचा अहवाल दिला. आपल्याला खोट्या साक्षीसाठी लाच देण्यात आली, असे सरकारी पक्षाच्या दोन साक्षीदारांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितले.

या काळात सारो-विवा कोठडीतून पत्रे आणि कविता लिहीत होते. जेवणाच्या, पावाच्या टोपल्यांतून लपवून ती बाहेर जात आणि मेजेला मॅकॅरन या आयरिश जोगिणीपर्यंत पोहोचत. ही पत्रे आता आयर्लंडमधील मेनूथ विद्यापीठात जतन केली आहेत. बाहेर जगात त्यांचा गौरव होत होता. १९९४ मध्ये राइट लाइव्हलीहूड आणि १९९५ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा ते बंदिवासात होते.

ऑक्टोबर १९९५ च्या अखेरीस शिक्षा जाहीर झाली. ८ नोव्हेंबरला लष्करी मंडळाने ती कायम केली आणि १० तारखेला अंमलात आणली. तेव्हा न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे राष्ट्रकुल देशांची परिषद सुरू होती. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रकुलाने नायजेरियाचे सदस्यत्व निलंबित केले. १९९९ मध्ये लोकनियुक्त सरकार आल्यावरच ते परत मिळाले.

शेलचे म्हणणे काय?

सारो-विवा यांच्या फाशीत आपला कोणताही हात नव्हता, अशी शेलची भूमिका राहिली आहे. आपण दयेची विनंती केली होती, असेही कंपनी सांगते. फाशी गेलेल्यांच्या कुटुंबीयांनी अमेरिकेत दावा लावला होता. २००९ मध्ये सुनावणीच्या तोंडावर शेलने १ कोटी ५५ लाख डॉलर देऊन तो मिटवला, मात्र जबाबदारी मान्य केली नाही. बरीच गळती तेलचोरी आणि वाहिन्यांच्या मोडतोडीमुळे होते, असेही कंपनीचे म्हणणे आहे. तेलचोरी आणि चोरट्या भट्ट्यांमुळे या भागाचे नुकसान झाले आहे, हे खरेच आहे.

जमिनीची तपासणी झाली तेव्हा काय आढळले?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ओगोनी भागातील २०० हून अधिक ठिकाणे तपासून ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. तोपर्यंत तेल उत्पादन थांबून १८ वर्षे झाली होती. तरीही ओगाले येथील एका वस्तीत लोक पीत असलेल्या विहिरींच्या पाण्यात बेंझीन हे कर्करोगकारक रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक सापडले. शेलच्या नोंदींनुसार सफाई पूर्ण झालेल्या १५ जागा तपासल्या, त्यांपैकी १० ठिकाणी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषण शिल्लक होते. जमीन व पाणी पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षे लागतील आणि पहिल्या पाच वर्षांसाठीच एक अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज अहवालात होता.

महसूल मिळवणाऱ्या मंत्रालयाकडेच देखरेख असणे योग्य नाही आणि तपासणी यंत्रणा कंपन्यांच्या वाहनांवर अवलंबून आहे, हेही अहवालाने नोंदवले. सारो-विवा यांनी वीस वर्षांपूर्वी बोट ठेवले होते ते याच दुखण्यावर.

आता नियम बदलले आहेत का?

काही प्रमाणात. १९९९ च्या राज्यघटनेनुसार तेल उत्पन्नाचा किमान १३ टक्के हिस्सा उत्पादक राज्यांना मिळतो. २००१ मध्ये आफ्रिकेच्या मानवी हक्क आयोगाने ओगोनींच्या आरोग्यदायी पर्यावरणाच्या हक्काचे उल्लंघन झाल्याचे ठरवले. २००५ मध्ये बेनिन सिटीच्या न्यायालयाने वायू जाळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग असल्याचा निकाल दिला. २००६ मध्ये तेलगळतीसाठी स्वतंत्र संस्था झाली. २०२१ च्या पेट्रोलियम कायद्याने कंपन्यांना वार्षिक परिचालन खर्चाच्या तीन टक्के रक्कम स्थानिक समुदायांच्या निधीत देणे बंधनकारक केले. तोडफोड झाली तर दुरुस्तीचा खर्च मात्र त्याच निधीतून कापला जातो.

दुसरी बाजूही आहे. २००७ मध्ये देशाची पर्यावरण नियम अंमलबजावणी संस्था उभी राहिली, तेव्हा तेल आणि वायू क्षेत्र तिच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. वायूच्या ज्वाळा अजून पूर्ण विझलेल्या नाहीत. ओगोनी भागाच्या सफाईचा प्रारंभ २०१६ मध्ये झाला, पण तिच्या संथ गतीबद्दल तक्रारी कायम आहेत. शेलने मार्च २०२५ मध्ये नायजेरियातील जमिनीवरचा तेल व्यवसाय विकला. त्यामुळे जुन्या प्रदूषणाची जबाबदारी कोणाची, हा वादही उभा राहिला आहे.

माफी मिळाली, मग मागणी काय उरली?

१२ जून २०२५ रोजी, नायजेरियाच्या लोकशाही दिनी, अध्यक्ष बोला टिनुबू यांनी सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना माफी व राष्ट्रीय सन्मान जाहीर केला. मात्र माफी गुन्हेगाराला दिली जाते आणि हे नऊ जण निर्दोष होते, असे मानवी हक्क संघटनांचे म्हणणे आहे. त्यांना निर्दोष जाहीर करावे, ही मागणी कायम आहे. ओगोनी भागात पुन्हा तेल काढण्याबाबत सरकारने बोलणी सुरू केली आहेत. आधी पाणी आणि जमीन साफ करा, मग तेलाचे बोला, असे म्हणणारे तिथे आजही अनेक आहेत. या वेळी नियम कोण राबवणार आणि ते मोडले तर विहीर थांबवण्याचा अधिकार कोणाला असणार, यावर त्या बोलण्यांचे भवितव्य ठरेल.